डीप ब्लू संग्रहालयात, स्टॉकफिश खिशात

तुम्ही येलदरी कॅम्पात राहत असाल, रोज एसटीने जिंतूरला कॉलेजला जात असाल, नाहीतर परभणीत रूम करून राहत असाल. तुमच्या खिशात जो साधा मोबाइल आहे, ज्याच्या स्क्रीनला कोपऱ्यात तडा गेलाय आणि ज्याची बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी टिकते, तो मोबाइल बुद्धिबळात मॅग्नस कार्लसनला हरवू शकतो. तेही नशिबाने एखाद्या वेळी नव्हे, रोज. दहा डाव खेळवले तर कार्लसनला एखाददुसरी बरोबरी मिळाली तर मिळाली.

अतिशयोक्ती वाटते? कार्लसनचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग २८८२. स्टॉकफिश नावाचं फुकट मिळणारं इंजिन कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या वेगळ्या क्रमवारीत साडेतीन हजारांच्या वर बसलेलं आहे. दोन्ही मोजपट्ट्या अगदी एक नाहीत, मान्य. पण दोघांत दरी आहे याबद्दल बुद्धिबळात आता कुणी वाद घालत नाही.

तरीही आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. हॉस्टेलवर, कट्ट्यावर, कॉलेजच्या चेस रूममध्ये. ‘पुण्या-मुंबईच्या पोरांकडे भारी मशीन असतात, आपल्याकडे काय आहे?’ बुद्धिबळापुरतंच नाही, कोडिंगबद्दल आणि एआयबद्दलही हेच म्हटलं जातं.

ही तक्रार अर्धी खरी आहे आणि अर्धी खोटी, असं माझं मत आहे. खोटी अर्धी आपल्याला घरी बसवते, आणि खऱ्या अर्ध्याबद्दल आपण भांडतच नाही. कुठली अर्धी कुठली, हे समजायचं तर बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रांची गोष्ट बघायला हवी. कारण ‘भारी मशीन असेल तरच जिंकता येतं’ हे एके काळी खरंच खरं होतं.

बुद्धिबळासाठीच घडवलेली चिप

बुद्धिबळाच्या एखाद्या स्थितीत साधारण ३५ चाली शक्य असतात. त्या प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याची पुन्हा ३५ उत्तरं. म्हणजे दोघांच्या मिळून चार चाली पुढचं बघायचं तर १५ लाख स्थिती तपासायच्या. सहा चाली पुढचं बघायचं तर १८० कोटींच्या वर. आता तुम्हीच सांगा, वेग नको तर काय हवं?

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन काम करत होते. युनिक्स ज्यांनी घडवली त्यांच्यापैकी हे एक. त्यांनी आणि जो कॉन्डन यांनी ‘बेल’ नावाचं यंत्र बनवलं. ते बुद्धिबळाशिवाय काहीच करत नसे. कुठला घोडा कुठे जाऊ शकतो, कुठला उंट अडलाय, हे साधा प्रोसेसर एकामागून एक सूचना चालवत शोधतो. बेलमध्ये त्यासाठी खास सर्किट होतं. त्यामुळे सेकंदाला सुमारे १ लाख ६० हजार स्थिती तपासल्या जात. १९८० साली बेलने कॉम्प्युटर बुद्धिबळाचं जगज्जेतेपद मिळवलं आणि १९८३ साली अमेरिकेत मास्टर दर्जा मिळवणारं ते पहिलं यंत्र ठरलं.

थॉम्पसन यांनी एक प्रयोगही केला. बेललाच बेलविरुद्ध खेळवलं, फक्त एका बाजूला एक चाल जास्त खोल बघू दिलं. निकाल असा, की एका जादा चालीच्या खोलीमागे साधारण २०० रेटिंग गुणांचा फायदा. खूप खोल गेल्यावर हा फायदा कमी होत जातो, पण त्या काळात संदेश एकदम स्पष्ट होता. वेग वाढवा, खोली वाढेल. खोली वाढली, की ताकद वाढेल.

मग शर्यतच लागली. कार्नेगी मेलन विद्यापीठात हान्स बर्लिनर यांच्या ‘हायटेक’मध्ये ६४ चिप होत्या, पटावरच्या प्रत्येक घरासाठी एक. त्याच विद्यापीठात फेंग-श्युंग श्यू या विद्यार्थ्याने चाली शोधणारं अख्खं सर्किट एकाच चिपवर बसवलं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत थॉमस अनंतरामन हा बनारसहून इंजिनीअर होऊन गेलेला आपला एक विद्यार्थीही होता. त्यातून ‘डीप थॉट’ हे यंत्र आलं. १९८८ साली त्याने ग्रँडमास्टर बेंट लार्सनला स्पर्धेत हरवलं. लक्षात घ्या, हे सगळे तेव्हा विद्यार्थी होते.

पुढे आयबीएमने ही टीम घेतली आणि ‘डीप ब्लू’ जन्माला आला. त्यात बुद्धिबळाच्या ४८० खास चिप होत्या. वेग सेकंदाला २० कोटी स्थिती. १९९६ साली गॅरी कास्पारोवने त्याला ४-२ असं हरवलं, आणि मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला डीप ब्लूने कास्पारोवला साडेतीन-अडीचने. जगभर मथळे झळकले. योगायोग बघा, मुंबईचे प्रवीण ठिपसे त्याच १९९७ साली ग्रँडमास्टर झाले. आनंद आणि दिब्येंदू बरुआ यांच्यानंतरचे देशातले फक्त तिसरे.

तेव्हा कुणी म्हटलं असतं, की ‘त्यांच्याकडे मशीन आहे, आपल्याकडे काय आहे’, तर ते शंभर टक्के खरं होतं. जगज्जेत्याला हरवणारं यंत्र जगात एकच होतं आणि ते एका कंपनीच्या मालकीचं होतं.

मशीन म्हणजे सत्ता

खास हार्डवेअर म्हणजे नुसती गंमत नसते, हे तेव्हाही सगळ्यांना कळत होतं. १९८२ साली थॉम्पसन बेल घेऊन मॉस्कोला निघाले, तर न्यूयॉर्कच्या विमानतळावर अमेरिकी अधिकाऱ्यांनी यंत्रच जप्त केलं. प्रगत तंत्रज्ञान सोव्हिएत देशात जाऊ नये म्हणून! बिचारं बुद्धिबळ खेळणारं यंत्र.

आपल्याला ही वागणूक नवीन नाही. ऐंशीच्या दशकात भारताला हवा असलेला क्रे सुपर कॉम्प्युटर द्यायला अमेरिकेने नकार दिला. मग १९८८ साली सी-डॅक ही संस्था पुण्यात उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. भटकर आपल्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातले. परममध्ये युक्ती अशी होती, की एकच अचाट प्रोसेसर बनवत बसण्याऐवजी बाजारात मिळणारे पुष्कळसे प्रोसेसर एकत्र जोडून त्यांच्याकडून काम वाटून घ्यायचं.

ही युक्ती लक्षात ठेवा. बुद्धिबळातही पुढे साधारण असंच घडलं. खास घडवलेली चिप मागे पडली आणि साध्या यंत्रावर चालणारं डोकं पुढे गेलं.

२० कोटी विरुद्ध २० हजार

डीप ब्लू १९९७ नंतर एकही सामना खेळला नाही. त्याचं एक कपाट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, दुसरं कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियममध्ये. अबू धाबीच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या ‘हायड्रा’ने खास हार्डवेअरचा आणखी एक मोठा प्रयत्न केला. २००५ साली लंडनला तिने मायकेल अॅडम्सला साडेपाच-अर्धा असं लोळवलं. पण पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, बॉन शहरात ‘डीप फ्रिट्झ’ने जगज्जेत्या व्लादिमीर क्रॅमनिकला ४-२ने हरवलं. हा प्रोग्रॅम दुकानात विकत मिळायचा आणि त्या सामन्यात बाजारात मिळणाऱ्या प्रोसेसरवर चालला. वेग किती? सेकंदाला सुमारे ८० लाख स्थिती. म्हणजे डीप ब्लूच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढा.

आता खरी गंमत ऐका. २००९ साली अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या मर्कोसुर चषक स्पर्धेत ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ एका मोबाइलवर खेळला. त्याने १० पैकी साडेनऊ गुण मिळवले. तो सेकंदाला २० हजारसुद्धा स्थिती बघत नव्हता.

डीप ब्लू २० कोटी, मोबाइल २० हजार. वेग दहा हजार पटींनी कमी आणि खेळ ग्रँडमास्टरच्या तोडीचा. हे झालं कसं?

उत्तर आहे, काय बघायचं नाही हे शिकल्यामुळे. तुम्ही बाजारात जीन्स घ्यायला जाता तेव्हा प्रत्येक दुकानातली प्रत्येक जीन्स घालून बघत नाही. एखादी चाल वाईट आहे हे एका उत्तरावरून सिद्ध झालं, की तिची बाकीची उत्तरं तपासायची गरज नसते. या पद्धतीला अल्फा-बीटा म्हणतात. चाली चांगल्या क्रमाने तपासल्या तर मघाचं १८० कोटींचं काम लाखाच्या आत येतं. ही पद्धत बेलकडेही होती. नंतरच्या प्रोग्रॅमरांनी त्यावर आणखी कात्री चालवली. निरर्थक वाटणारी चाल वरवर बघायची, धोक्याची खोलात जाऊन. आजच्या इंजिनांत एक चाल आणखी खोल जायला काम साधारण दुपटीच्या आसपास वाढतं. जिथे पस्तीस पट वाढायचं, तिथे दोन पट!

आणि चिपची एक अडचण असते. एकदा कोरली, की कोरली. डीप ब्लूच्या चिपमध्ये स्थिती जोखण्याचे सुमारे ८ हजार निकष होते. त्यांचं वजन कमी-जास्त करता यायचं, पण नवीनच काही सुचलं तर नवी चिप बनवावी लागणार. सॉफ्टवेअरमध्ये सुचलेली कल्पना संध्याकाळी लिहा आणि सकाळी तपासा.

मग हार्डवेअर परत आलं

इथे गोष्ट संपली असती तर लेख सोपा झाला असता. ‘डोकं मोठं, मशीन छोटं’ असा सुविचार लिहून मोकळं होता आलं असतं. पण डिसेंबर २०१७ मध्ये गूगलच्या डीपमाइंडने ‘अल्फाझीरो’ जाहीर केलं. त्याला फक्त नियम सांगितले होते. बाकी ते स्वतःशीच खेळून शिकलं. स्टॉकफिशविरुद्धच्या १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबरी, एकही पराभव नाही.

अल्फाझीरो सेकंदाला ८० हजार स्थिती बघत होतं आणि स्टॉकफिश ७ कोटी. वाटेल, की पुन्हा डोकंच जिंकलं. पण पडद्यामागे बघा. स्वतःशी डाव खेळून शिकण्यासाठी अल्फाझीरोला ५ हजार टीपीयू दिले होते. टीपीयू म्हणजे न्यूरल नेटवर्कसाठी गूगलने स्वतः बनवलेली खास चिप. सामन्यातही ते चार टीपीयूंवर खेळलं आणि स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर, त्यातही स्मृती फक्त १ जीबी दिलेली. ‘हा सामना बरोबरीचा होता का?’ यावर तेव्हा खूप भांडणं झाली. आणि मुळात प्रश्न अवघडच आहे. वेगळ्या जातीच्या दोन यंत्रांना सारखं कसं करायचं? किंमत सारखी ठेवायची, वीज सारखी, की वेग? इंजिनांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांना आजही हा प्रश्न सुटलेला नाही. ते एकाला प्रोसेसर देतात, दुसऱ्याला ग्राफिक्स कार्ड, आणि प्रेक्षक वाद घालत बसतात.

म्हणजे खास हार्डवेअर गेलंच नव्हतं. त्याने जागा बदलली होती. डीप ब्लूच्या काळात ते पटावर बसून खेळायचं. आता ते शाळेत बसून शिकवतं.

येलदरीकरांना हे समजवायला फार लांब जायची गरज नाही. १९६८ साली पूर्ण झालेलं पूर्णा नदीवरचं तुमचं धरण आठवा. पायथ्याच्या वीजगृहात मोठी जनित्रं आहेत. ती एका जागी. पण बटण दाबून बल्ब लावायला कुणाला घरात जनित्र ठेवावं लागत नाही. बुद्धिबळाचं ज्ञान आता असंच तयार होतं. एकदाच, कुठेतरी, प्रचंड यंत्रांवर. नंतर ते काही एमबीच्या फाइलमध्ये मावतं आणि मोबाइलमध्ये येतं.

प्रश्न एकच उरतो. वीजगृहापासून तुमच्या घरापर्यंत तार कोण ओढणार?

बुद्धिबळाची इर्जिक

डीपमाइंडने अल्फाझीरो कधीच लोकांना वापरायला दिलं नाही. त्यांनी शोधनिबंध छापला, बस. मग २०१८ मध्ये काही प्रोग्रॅमर एकत्र आले आणि तो निबंध वाचून ‘लीला चेस झीरो’ बांधायला लागले. ५ हजार टीपीयू कुठून आणणार? त्यांनी जगभरच्या लोकांना हाक दिली, की तुमच्या घरच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड रात्री रिकामं असतं, त्यावर आमचे डाव चालू द्या. लोकांनी दिलं. मे २०१९ मध्ये लीलाने टीसेक या इंजिनांच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेत अंतिम सामन्यात स्टॉकफिशला हरवलं.

याला आपल्याकडे शब्द आहे, इर्जिक. एकाच्या रानात अख्ख्या गावाने आपापली बैलं आणि नांगर घेऊन यायचं, दिवसभरात नांगरट उरकायची, बदल्यात फक्त जेवण. आजीला विचारा, ती सांगेल.

स्टॉकफिशची तर वाढच इर्जिकीवर झाली. २०१३ पासून ‘फिशटेस्ट’ नावाची व्यवस्था चालते. कुणीही कोडमध्ये बदल सुचवायचा, स्वयंसेवकांच्या कॉम्प्युटरवर हजारो डाव खेळवून तो तपासायचा, ताकद वाढली तरच ठेवायचा. लीलाकडून हरल्यावर स्टॉकफिशवाले रुसून बसले नाहीत. जपानी बुद्धिबळासाठी, म्हणजे शोगीसाठी, यू नासू यांनी २०१८ मध्ये एक छोटं न्यूरल नेटवर्क शोधून काढलं होतं. एका चालीत पटावरच्या एकदोन सोंगट्याच हलतात, मग सगळं गणित पुन्हा कशाला करायचं? बदललं तेवढंच दुरुस्त करायचं, हे त्याचं तत्त्व. त्यामुळे त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, साधा प्रोसेसर पुरतो. सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ मध्ये ते आलं आणि ताकदीने एकदम मोठी उडी घेतली. पुढे २०२१ मध्ये तर लीलाने खेळलेल्या डावांच्या माहितीवर स्टॉकफिशचं नेटवर्क शिकवलं गेलं. कालचा प्रतिस्पर्धी आज शिक्षक!

आता साखळी जोडून बघा. गूगलच्या खास चिपवरची कल्पना, छापलेल्या निबंधातून हजारो लोकांच्या ग्राफिक्स कार्डांवर, तिथून स्टॉकफिशमध्ये, आणि स्टॉकफिशमधून तुमच्या तडा गेलेल्या मोबाइलमध्ये. रेंज नसली तरी चालतं. हे मोबाइल स्वस्त झाले म्हणून घडलं, असं आपण म्हणतो. ते कारण अर्धंच आहे. निबंध छापला गेला नसता, कोड उघडा नसता, तर मोबाइल कितीही स्वस्त झाला असता तरी त्यात स्टॉकफिश आलं नसतं.

म्हणून मला वाटतं, यंत्र कुणाचं मोठं हा प्रश्न दुय्यम आहे. ज्ञान उघडं आहे की कुलपात, हा पहिला प्रश्न. एआयबद्दल बोलतानाही हेच विचारायला हवं. आज भाषेची मोठी मॉडेल्स शिकवायला लागणाऱ्या चिपा मोजक्या कंपन्यांकडे आहेत आणि कुठल्या देशाला किती द्यायच्या यावर राजकारण चालतं. बेल जप्त झालं होतं, तोच खेळ. तिथे आपल्यासारख्यांनी कुणाच्या बाजूने उभं राहायचं, हे बुद्धिबळाने दाखवून दिलंय.

कमी काय आहे मग?

आता तक्रारीच्या खऱ्या अर्ध्याकडे येऊ.

एखाद्याकडे भारी सर्व्हर असेल तर तुमचा मोबाइल ज्या खोलीपर्यंत दहा मिनिटांत पोचतो, तिथे तो काही सेकंदांत पोचेल. हा फरक जगातल्या पहिल्या पन्नास खेळाडूंना जाणवतो. तुम्हाला-मला नाही. आणि त्यांनाही किती? २०१० साली सोफियात आनंदविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी वेसेलिन टोपालोवच्या टीमने हजारो प्रोसेसरांचा सुपर कॉम्प्युटर तयारीला लावला होता. शेवटचा, बारावा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकून आनंदने सामना साडेसहा-साडेपाचने खिशात टाकला. त्याच्या तयारीत मदत करणाऱ्यांत कास्पारोव, क्रॅमनिक आणि कार्लसन होते. माणसं!

आता महाराष्ट्रातली काही नावं घ्या. मुंबईचे प्रवीण ठिपसे. पुण्याचे अभिजित कुंटे. नाशिकचा विदित गुजराथी, जो २०२४ मध्ये कँडिडेट्स स्पर्धेपर्यंत पोचला. नागपूरची दिव्या देशमुख, जिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली, वयाच्या १९ व्या वर्षी. या नावांपुढची गावं पुन्हा वाचा. दिव्याच्या लॅपटॉपवर जे स्टॉकफिश चालतं तेच येलदरीत चालतं. मग नावांपुढे फक्त मोठी शहरं का दिसतात?

कारण इंजिन समोर बसून हात मिळवत नाही. स्पर्धेत समोरच्याच्या चेहऱ्यावरचा ताण, घड्याळात उरलेली दोन मिनिटं, हरलेल्या डावानंतर तासाभरात पुन्हा बसणं, हे मोबाइल शिकवत नाही. इंजिन सांगतं ‘+१.३’. का, ते सांगत नाही. ते सांगायला कोच लागतो, निदान आपल्यापेक्षा थोडा बरा खेळणारा एखादा दादा किंवा ताई लागते. आणि रेटिंग मोबाइलवर मिळतच नाही. फिडेचं रेटिंग मिळवायचं तर मान्यताप्राप्त स्पर्धेत प्रत्यक्ष जाऊन खेळावं लागतं. प्रवेश फी, राहणं, खाणं. येलदरीहून आधी जिंतूर, मग परभणी, मग पुढची गाडी. तीन दिवसांच्या स्पर्धेसाठी पाच दिवस, आणि सोबत आई-बाबांपैकी कुणी यायचं असेल तर त्यांची मजुरी बुडाली. पुण्यातल्या मुलाला हीच स्पर्धा रविवारी सकाळी बसने जाऊन खेळता येते.

ही आहे खरी दरी. प्रोसेसरची नाही, प्रवासाची आहे. समोर बसणाऱ्या माणसांची आहे.

पण आपण मागतो काय? लॅब मागतो, नवे कॉम्प्युटर मागतो. बाहेर ‘एआय लॅब’ अशी पाटी लावायला सगळ्यांना आवडतं, कारण पाटीचा फोटो निघतो. मुलांच्या एसटीच्या तिकिटाचा फोटो निघत नाही. बुद्धिबळाच्या बाबतीत तरी माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजने एक लॅपटॉप कमी घ्यावा आणि त्या पैशांत दहा पट, दहा घड्याळं आणि वर्षाला चार स्पर्धांचा प्रवास खर्च द्यावा.

कुणी म्हणेल, की खेळाडूला मशीनही हवं आणि प्रवासही हवा, दोन्ही का नाही? हवंच. पण पैसा मर्यादित असतो तेव्हा क्रम ठरवावा लागतो. आणि ज्या गोष्टीत आपण आधीच जवळपास बरोबरीत आलोय, तिच्यावर पुन्हा पैसा घालण्यात अर्थ नाही.

उद्यापासून काय कराल?

पहिलं. इंजिन फुकट आहे म्हणून आधी तेच उघडू नका. डाव संपला, की स्वतः लिहून काढा, कुठे चुकलं असं वाटतंय. मग इंजिनला विचारा. तुमच्या आणि त्याच्या उत्तरात जिथे फरक पडला, तेवढाच तुमचा अभ्यास. उलट केलंत तर मोबाइल हुशार होईल, तुम्ही आहात तिथेच राहाल. आणि स्पर्धेच्या हॉलमध्ये हा गुरुजी बाहेर ठेवायचा. डाव चालू असताना मोबाइल खिशात सापडला, की सरळ डाव हरलात. तो किती ताकदवान झालाय, याचा याहून मोठा पुरावा नाही.

दुसरं. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. चार जण, दोन पट. कॅम्पात जागा मिळेल, कॉलेजात मिळेल, काहीच नाही तर देवळाच्या पारावर मिळेल. जो सगळ्यात बरा खेळतो त्याने बाकीच्यांना शिकवायचं. लीला आणि स्टॉकफिश एकमेकांकडून शिकले, मग आपल्याला काय लाज?

तिसरं, कॉम्प्युटरवाल्यांसाठी. स्टॉकफिशचा कोड उघडा आहे, सी प्लस प्लसमध्ये आहे. तुमच्या डिपार्टमेंटमधले जुने कॉम्प्युटर रात्री बंद असतात. सरांची परवानगी घेऊन फिशटेस्टला जोडा. जगातलं सगळ्यात ताकदवान बुद्धिबळ इंजिन घडवण्यात जिंतूरच्या लॅबचाही हातभार लागेल. फी नाही, ओळख नाही. इर्जिकीला फक्त बैलं घेऊन जायचं असतं.

आणि चौथं, थोडं अवघड. पुढच्या वेळी प्राचार्यांकडे निवेदन घेऊन जाल तेव्हा यादीत कॉम्प्युटरच्या वर प्रवास खर्च लिहा. ते विचारतील, ‘बुद्धिबळाला प्रवास कशाला? आता सगळं ऑनलाइन असतं ना?’ तेव्हा त्यांना शांतपणे सांगा, की सर, मशीन आमच्याकडे आहे. समोर बसायला माणूस हवाय.